डॅशहुंडाच्या पिल्लाला आज्ञा नेमक्या कोणत्या भाषेत शिकवाव्यात?

जास्वंदी (इंदूर)
नमस्कार. आमच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी डॅशहुंड जातीचे पिल्लू आले आहे. त्याचे नाव खजूर, वय ११ आठवडे. लसीचे दोन डोस झाले आहेत. आम्ही सुदामा नगरात राहतो आणि घरात आम्ही पाच जण आहोत: सासूबाई, आम्ही दोघे, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी.

अडचण अशी आहे की आमच्या घरात तीन भाषा एकाच वेळी चालतात. सासूबाई खजूरशी मराठीत बोलतात, मुले आपसात आणि त्याच्याशीही हिंदीत बोलतात आणि माझे यजमान त्याला ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’ असे शिकवू पाहतात. या सगळ्यात सर्वांत मोठा घोटाळा ‘बस’ या एका शब्दाने केला आहे. सासूबाई ‘बस’ म्हणतात तेव्हा त्याने खाली बसावे असे त्यांना वाटते. तो पायाच्या बोटांना चावू लागला की मुलगा ‘बस, बस!’ असे ओरडतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘पुरे’ असा असतो. शिवाय पानावर वाढताना दिवसातून दहा वेळा ‘बस झालं’ हे त्याच्या कानावर पडतेच. आता कोणीही ‘बस’ म्हटले की तो मान तिरकी करून आमच्या तोंडाकडे पाहत राहतो आणि मला त्याची फार कणव येते.

माझे प्रश्न असे आहेत. घरात आज्ञांसाठी एकच भाषा ठरवावी का, आणि ठरवायची तर कोणती? इतक्या लहान वयात शिकवणे योग्य आहे का? आणि खाऊ त्याच्या डोक्यावरून मागे नेला की कुत्रे आपोआप बसते असे सगळीकडे सांगतात, पण आमचा खजूर बसण्याऐवजी मागे मागे सरकतो किंवा मागच्या दोन पायांवर उभा राहतो. हे असे का होत असावे?

कुहू
नाव फार सुंदर आहे. पण तुम्ही स्वतः त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, हे लिहायचे राहिले.

जास्वंदी (इंदूर)
कुहू, मी तिन्ही भाषांत बोलते. घोटाळ्यात माझाही वाटा आहे.

पशुवैद्य_महू
मी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता इंदुरातच व्यवसाय करतो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत निकडीचा आहे.

डॅशहुंडाला मागच्या दोन पायांवर उभे राहायची सवय लागू देऊ नका. लांब पाठ आणि आखूड पाय या ठेवणीमागे जी आनुवंशिक कारणे आहेत, त्यांमुळेच या जातीत मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होतात. साधारणपणे दर चार-पाच डॅशहुंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो आणि गंभीर झाल्यास मागचे पाय लुळे पडतात. म्हणून सोफ्यावर उड्या मारणे, जिने उतरणे आणि खाऊसाठी दोन पायांवर उभे राहणे या तिन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून टाळाव्यात.

आता बसवण्याची रीत सांगतो. उभ्या माणसाने वरून हात आणला की इतके बुटके पिल्लू वर झेप घेते किंवा घाबरून मागे सरते. तुम्ही स्वतः जमिनीवर मांडी घालून बसा. पिल्लाची पाठ भिंतीच्या कोपऱ्याकडे असू द्या, म्हणजे त्याला मागे सरकायला जागा राहणार नाही. खाऊ त्याच्या नाकाला जवळजवळ चिकटवून धरा आणि बोटभर अंतर मागे, किंचित वर न्या. नाकापासून हात दूर गेला की तो उभा राहणार, हे नक्की समजा. पार्श्वभाग जमिनीला टेकला की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ द्या. हा क्षण महत्त्वाचा आहे. बसल्यावर तीन सेकंदांनी खाऊ मिळाला आणि तेवढ्यात तो उठलेला असला, तर त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचे असते. डॅशहुंडाचे पाय इतके आखूड असतात की तो बसला की उभा आहे हे वरून पाहणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही आणि म्हणून या जातीत शाबासकी नेहमी उशिरा पडते. जमिनीवर बसून शिकवण्याचे हेही एक कारण आहे.

वयाबद्दल सांगायचे तर सहा महिने थांबावे असे पूर्वी मानत असत. तो काळ गळ्यातल्या पट्ट्याला झटके देऊन शिकवण्याचा होता आणि लहान पिल्लाला ते झटके सोसत नसत. खाऊ देऊन शिकवायचे असेल तर आठव्या आठवड्यापासून शिकवता येते. मात्र एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक नको. असे दिवसातून पाच-सहा वेळा पुरे. या वयाचे पिल्लू दिवसातले १८ तास झोपते, त्यामुळे ते जागे आणि भुकेले असेल तीच वेळ धरावी. खाऊचा तुकडा मटाराच्या दाण्याच्या निम्मा असावा. उकडलेली कोंबडी, बिनमिठाचे पनीर किंवा उकडलेले गाजर चालेल. दिवसभराच्या आहारातला साधारण दहावा हिस्साच खाऊच्या रूपाने जावा, कारण जड अंगाचा भार शेवटी त्याच पाठीवर येतो. आपल्या इंदुरात हाताशी शेव नेहमीच असते. ती त्याला देऊ नये आणि कांदा घातलेले पोहे तर मुळीच देऊ नयेत.

दांडियाबाजारकर (वडोदरा)
जास्वंदीताई, तुमचा ‘बस’ आमच्याकडेही येऊन गेला आहे. आमच्या घरी मराठी आणि अंगणात गुजराती, त्यामुळे आई ‘बस’ म्हणे, शेजारच्या काकी ‘बेस’ म्हणत आणि पुरे या अर्थाचा ‘बस’ गुजरातीतही आहेच. आमची स्पिट्झ तेव्हा चार महिन्यांची होती. शेवटी आम्ही तो शब्दच टाकला आणि हाताची खूण ठेवली: तळहात वर करून कोपरातून वाकवलेला हात. दोन दिवसांत ती खुणेवर बसू लागली. शब्द कोणता वापरावा याचा वाद आमच्याकडे पुढे महिनाभर चालला, पण तिचे शिक्षण मात्र थांबले नाही.

पशुवैद्य_महू
दांडियाबाजारकर यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कुत्री शब्दापेक्षा हाताची खूण सहसा लवकर उचलतात. आधी खूण पक्की करावी, मग खुणेच्या किंचित आधी शब्द उच्चारावा, म्हणजे काही दिवसांत शब्द ऐकताच पिल्लू पुढच्या खुणेचा अंदाज बांधू लागते. शब्द आणि खूण एकदम दिली तर त्याचे सारे लक्ष हाताकडेच राहते आणि शब्द वाया जातो.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हंगेरीत बुडापेस्ट येथील विद्यापीठात कुत्र्यांना निश्चल पडून राहायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली जातात. तिथे मेक्सिकोहून आलेल्या एका संशोधक बाईंना प्रश्न पडला की, आजवर स्पॅनिश ऐकत वाढलेल्या आपल्या कुत्र्याला आता भोवतालचे लोक हंगेरियन बोलतात हे कळते का. त्यांनी १८ कुत्र्यांवर प्रयोग केला आणि ओळखीची भाषा व अनोळखी भाषा ऐकताना कुत्र्याच्या मेंदूत वेगवेगळी नोंद उमटते असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच विद्यापीठातल्या २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले होते की, कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात उच्चारला तरच कुत्र्याच्या मेंदूतले आनंदाचे केंद्र जागे होते. कोरड्या आवाजातला ‘शाब्बास’ किंवा लाडाच्या सुरातला भलताच शब्द तेवढे काम करीत नाही.

तेव्हा घरात तीन भाषा असल्या तरी खजूरचे काही बिघडत नाही. बिघडते ते एकाच ध्वनीला तीन अर्थ दिल्यामुळे.

रामबागचे_नाना
मी वयाने आपणा सर्वांहून मोठा असेन. आमच्या घरी १९७० च्या सुमारास अल्सेशियन होता, त्यानंतर दोन पॉमेरेनियन झाले. खाऊ दाखवून शिकवले की कुत्रे खाऊचे ऐकते, माणसाचे ऐकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही वर्तमानपत्राची सुरळी हातात ठेवत असू. मारण्याची वेळ क्वचितच येई, नुसता जमिनीवर आवाज केला तरी पुरे. घरात मालक कोण हे त्याला पहिल्या महिन्यात कळले पाहिजे. लहान जातीच्या कुत्र्यांचे लाड होतात आणि मग ती पाहुण्यांच्या पायाला चावतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मेधा_लष्कर (ग्वाल्हेर)
नाना, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण बाकीच्याशी नाही. आपल्या वयाचा पूर्ण मान राखून लिहिते.

आमच्या ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याने गेले की टेकनपूर लागते. तिथे सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, ते १९७० पासून चालू आहे. तिथून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहत. आमच्या पगला त्यांनीच शिकवले, तेव्हा त्यांची पद्धत मी जवळून पाहिली. कुत्र्याने वास ओळखला की लगेच चेंडू, आज्ञा पाळली की लगेच कौतुक. ते सांगत की कुत्रा आणि त्याला सांभाळणारा जवान हे दोघे जोडीने शिकतात आणि मधल्या काळात तिसऱ्या माणसाने त्या कुत्र्याला आज्ञा दिलेली त्यांना खपत नसे. स्फोटके हुंगणाऱ्या कुत्र्याला माणसाची भीती बसली तर तो चुकेल या भयाने सापडलेली वस्तूसुद्धा दाखवणार नाही, हे त्यांचे म्हणणे माझ्या मनात कायमचे राहिले आहे.

‘मालक कोण’ या कल्पनेविषयीही थोडे लिहिते. ती लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये लिहिले की, ते वर्चस्वासाठी सतत झगडतात. पण ते बंदिस्त जागेत कोंडलेले लांडगे होते. पुढे डेव्हिड मेक यांनी वर्षानुवर्षे रानातले लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये असे मांडले की, रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते: आईबाप आणि त्यांची पिल्ले. आईबाप पुढे चालतात ते आईबाप असतात म्हणून, कोणाला हरवले म्हणून नव्हे. विशेष म्हणजे ‘अल्फा’, म्हणजे झगडून झालेला कळपाचा म्होरक्या, ही कल्पना लोकप्रिय करण्यात मेक यांचाच आधी हातभार लागला होता आणि ती त्यांनी स्वतःच दुरुस्त केली.

रामबागचे_नाना
मेधाताई, माहितीबद्दल आभारी आहे. लांडग्यांचे मला ठाऊक नव्हते. तरीही एक विचारतो. पिल्लू पायाला चावते आहे, रक्त येते आहे, अशा वेळी खाऊ द्यायचा की काय? तसे केले तर चावल्यावर खाऊ मिळतो, एवढेच ते शिकेल.

शेफाली_नेवाळकर
नाना, हा प्रश्न अगदी रास्त आहे. चावल्यावर खाऊ देऊ नये, आणि सुरळीही आपटू नये. आम्ही शिह त्झूच्या बाबतीत असे केले की, दात लागले की खेळ तत्क्षणी बंद. न बोलता उठायचे, त्याच्याकडे न पाहता अर्धा मिनिट खोलीबाहेर जायचे आणि परत येऊन त्याच्या तोंडात चावायचे खेळणे द्यायचे. पिल्लाला आपली सोबत हवी असते, तीच काढून घेतली की त्याला नेमके कळते. घरातल्या पाचही जणांनी हे करायला हवे. आमच्याकडे माझे दीर हाताने त्याच्याशी मस्ती करीत राहिले आणि त्यामुळे आम्हाला तीन आठवडे जास्त लागले. आणखी एक अनुभव: संध्याकाळी सात-आठच्या सुमारास तो वेड्यासारखा चावत सुटे आणि आम्हाला वाटे की खेळायला कमी पडले. खरे कारण झोप कमी पडल्याचे होते. दुपारी त्याला शांत खोलीत दोन तास झोपवू लागलो आणि संध्याकाळचे चावणे निम्म्याहून कमी झाले.

ओंकार_पूर्वी_पलासिया
मी आता पुण्यात असतो, पण मूळचा इंदूरचा. माझे मत जास्वंदीताईंच्या यजमानांच्या बाजूचे आहे. इंग्रजी शब्द ठेवावेत. तुम्ही गावाला गेलात आणि कुत्रे कोणाकडे ठेवावे लागले, किंवा पुढे शिक्षक नेमावा लागला, तर तिथल्या माणसाला ‘सिट’ आणि ‘स्टे’ माहीत असतात. शिवाय ‘सिट’ हा शब्द आपण घरात एरवी वापरत नाही, त्यामुळे त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

माळव्यातली_मराठी
ओंकार यांचा दुसरा मुद्दा मला पटला, पहिला पटला नाही. चार दिवसांसाठी कुत्रे कोणाकडे ठेवताना पाच शब्दांची चिठ्ठी देता येते. त्यासाठी पंधरा वर्षांची भाषा बदलायची गरज नाही.

मी थोडे वेगळ्या अंगाने सांगते. आमच्या घरी चौथी पिढी इंदुरात आहे. माझी नात आजीचे मराठी समजून घेते, पण उत्तर हिंदीत देते. दोन वर्षांपूर्वी ल्हासा आप्सो आणला तेव्हा यांनी हट्टाने सगळ्या आज्ञा मराठीत ठेवल्या. ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘उचल’, ‘हळू’. नातीला कुत्र्याशी बोलायचे तर ते शब्द वापरावेच लागले. आज ती त्याच्याशी पूर्ण वाक्ये मराठीत बोलते: ‘अरे, तुला सांगितलं ना, दारात थांब म्हणून!’ शाळेच्या वयाच्या मुलीच्या तोंडी हे वाक्य ऐकून मला काय वाटते, ते इथे नीट लिहिता येत नाही. जास्वंदी, तुमच्या सासूबाईंना विचारा. खजूरजवळ दिवसभर त्याच असणार ना?

जास्वंदी (इंदूर)
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर आम्ही पाचही जण बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. नानांचे आणि मेधाताईंचे लिखाण वाचताना मुलगा विशेष लक्ष देऊन ऐकत होता.

‘माळव्यातली मराठी’ यांच्या सूचनेप्रमाणे मी सासूबाईंना विचारले की, ‘बस’ नको असेल तर तुम्ही कोणता शब्द ठेवाल. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. घरी कोणी दमून आले की त्या नेहमी म्हणतात, ‘ये, जरा टेक.’ तर शब्द ठरला ‘टेक’! दोन्ही व्यंजने ठसठशीत आहेत, हिंदीत त्याचा ‘पुरे’ असा अर्थ होत नाही, आणि पार्श्वभाग जमिनीला टेकला पाहिजे, ही पशुवैद्यांची सूचना तर शब्दातच आली. आडवे होण्यासाठी ‘पसर’ ठरले, कारण ‘झोप’ म्हटले तर रात्रीच्या झोपेशी गल्लत होईल. बाकी ‘ये’, ‘थांब’ आणि ‘सोड’. मुलीने हे पाच शब्द आणि त्यांच्यासमोर हाताच्या खुणांची चित्रे काढून कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे. चावल्यावर ‘बस, बस’ ओरडणे बंद करून शेफालीताईंची रीत पाळायची, असे मुलाने कबूल केले आहे.

दांडियाबाजारकर (वडोदरा)
शब्द उत्तम आहे. फक्त यजमान खाऊ देताना ‘टेक इट’ म्हणत नाहीत ना, एवढे पाहा. आमचा भाऊ म्हणत असे.

जास्वंदी (इंदूर)
म्हणत होते! आजपासून ‘घे’.

मेधा_लष्कर (ग्वाल्हेर)
‘थांब’ शिकवण्यासाठी एक सोपा उपाय सुचवते. घरातला जुना पाट घ्या. पिल्लू पाटावर चढले की शाबासकी, पाटावर राहिले की दुसरा तुकडा. जमिनीवर ‘थांब’ म्हणजे नेमके कुठे हे त्याला कळत नाही, पाटाला मात्र कडा असते. आधी एक सेकंद, मग तीन, मग पाच. आधी वेळ वाढवा, अंतर नंतर. एका वेळी दोन्ही वाढवले की पिल्लू उठते आणि आपण त्याला दोष देतो. आणि ‘थांब’ सांगून सोडून देऊ नका, मोकळे करण्याचाही एक शब्द हवा. आमच्याकडे तो ‘चल’ आहे.

पशुवैद्य_महू
पाटाची कल्पना मला फार आवडली. दोन-अडीच इंचांची उंची डॅशहुंडालाही बाधणार नाही. पाट घसरू नये म्हणून खाली रबराची चटई लावा आणि वर गोणपाटाचा तुकडा ठोका. चुकांना ‘नाही, नाही’ करू नका. तो उतरला तर काही न बोलता पुन्हा पहिल्या सेकंदापासून सुरुवात करा.

‘पसर’ शिकवताना या जातीचे पोट आधीच जमिनीजवळ असल्याने खाऊ खाली नेला तरी पिल्लू पाय न मोडता तसेच वाकते. तुम्ही पाय पसरून गुडघा थोडा उचला आणि त्या कमानीखालून खाऊ पलीकडे न्या. खालून जाण्यासाठी त्याला पसरावेच लागते.

आणखी एक सांगायचे राहिले. फिरायला नेताना पट्टा गळ्यात नको, छातीवरचा हार्नेस घ्या. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअर, चिवावा यांसारख्या छोट्या जातींमध्ये श्वासनलिका दबण्याचा त्रास मुळातच अधिक असतो आणि डॅशहुंडाच्या मानेलाही ओढ बसू नये.

वैशाली_टिळकनगर
‘ये’ या आज्ञेबद्दल लिहिते. आमच्या सासूबाई पगला ‘या, या, बाळराजे’ असे बहुवचनाने बोलावत आणि बाकीचे आम्ही ‘ये’ म्हणत असू. तो दोन्हींना येत असे, कारण दोन्ही वेळा चांगलेच काही घडे. तो यायचा थांबला तो वेगळ्या कारणाने. मी त्याला ‘ये’ म्हणून बोलावले आणि कानात औषध घातले. असे सलग चार दिवस केले. पाचव्या दिवसापासून मी ‘ये’ म्हटले की तो पलंगाखाली जाऊन बसे. पुढे नवा शब्द घेऊन पहिल्यापासून शिकवावे लागले. आंघोळ, नखे, औषध, रागावणे यांसाठी कुत्र्याला कधीही बोलावू नये. आपण उठून त्याच्याजवळ जावे.

डॅशहुंडाबाबत हे अधिकच जपायला हवे, कारण जर्मनीत ही जात बिळात शिरून बॅजरची शिकार करण्यासाठी तयार झाली. बिळात धन्याचा आवाज पोहोचत नाही आणि कुत्र्याला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. खजूर ऐकत नाही असे वाटेल तेव्हा हे आठवावे.

ओंकार_पूर्वी_पलासिया
माझा मुद्दा मी मागे घेतो. ‘टेक’ हा शब्द ‘सिट’पेक्षा चांगला आहे. एक विचारायचे आहे: सकाळच्या कचरागाडीच्या गाण्याला खजूर घाबरत नाही का? आमच्या जुन्या घरातली कुत्री त्या भोंग्याने थरथरत असे आणि तेवढा वेळ तिला कोणतीच आज्ञा ऐकू येत नसे.

जास्वंदी (इंदूर)
घाबरतो, फार घाबरतो. गाडी कोपऱ्यावर आली की भुंकतो आणि मग धुण्याच्या बादलीमागे जातो.

पशुवैद्य_महू
याकडे आत्ताच लक्ष द्या, उशीर करू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारते, नंतर तेवढ्या सहजपणे नाही. लसी पूर्ण होण्याआधी त्याला रस्त्यावर सोडता येत नाही, कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे आजार जीवघेणे आहेत. पण कडेवर घेऊन गच्चीवर किंवा दारात नक्कीच उभे राहता येते. गाडी दूर असतानाच, आवाज अगदी बारीक ऐकू येत असताना पनीर सुरू करा. आवाज थांबला की पनीरही थांबवा. रोज थोडे थोडे जवळ या. या वेळी ‘टेक’, ‘थांब’ काहीही सांगू नका. घाबरलेल्या जिवाकडून आज्ञा वसूल केली तर ती आज्ञाही भीतीला जोडली जाते. आता केलेली ही तयारी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक, दिवाळी आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इथपर्यंत उपयोगी पडेल.

कुहू
आणि ‘सोड’? त्याबद्दल कोणीच लिहिले नाही.

शेफाली_नेवाळकर
‘सोड’ म्हणजे अदलाबदल. त्याच्या तोंडातली वस्तू ओढून घेऊ नये. त्याहून चांगली वस्तू नाकाशी धरावी, तोंड उघडले की ‘सोड’ म्हणावे, खाऊ द्यावा आणि शक्य असेल तर पहिली वस्तूही परत द्यावी. परत मिळते हे कळले की पिल्लू वस्तू घेऊन पळत नाही. ही आज्ञा जीव वाचवणारी आहे. आमच्या शिह त्झूने एकदा प्रसादाच्या वाटीतले बेदाणे तोंडात घेतले होते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, तसेच चॉकलेटही विषारी आहे. ‘सोड’ म्हटल्यावर त्याने तोंडातले सगळे जमिनीवर टाकले. मी तिथेच खाली बसून रडले होते.

जास्वंदी (इंदूर)
साधारण दोन महिन्यांनी लिहीत आहे. काल अनंत चतुर्दशी झाली. खजूर आता पाच महिन्यांचा होत आला आहे.

‘टेक’ त्याला तिसऱ्या दिवशी हाताच्या खुणेवर आणि दहाव्या दिवशी नुसत्या शब्दावर येऊ लागले. भिंतीच्या कोपऱ्याचा उपाय अचूक ठरला. ‘पसर’ला महिना लागला आणि अजूनही फरशी गार असेल तरच तो मनापासून पसरतो. ‘ये’ घरात पक्के आहे. मेघदूत उपवनात लांब दोरीवर अर्ध्या वेळा येतो. खारी दिसली तर येत नाही.

पाटाचे मात्र नीट सांगायला हवे. सासूबाईंनी सुरुवातीला पाट द्यायला नकार दिला, कारण घरातले पाट गौरी-गणपतीचे आणि जेवणावळीचे. मग माळ्यावरून त्यांच्या माहेरचा, एक पाय तुटलेला पाट त्यांनी स्वतः शोधून काढला आणि सुताराकडून नीट करून आणला. त्यावर गोणपाटही त्यांनीच ठोकले. गणपतीचे दहाही दिवस आरतीच्या वेळी खजूर त्या पाटावर बसला. पहिल्या दिवशी झांजा सुरू होताच तो उतरून स्वयंपाकघरात गेला आणि आम्ही त्याला जाऊ दिले. दुसऱ्या दिवसापासून मुलाने झांज हळू वाजवली आणि मुलगी त्याच्याजवळ पनीर घेऊन बसली. शेवटच्या दिवशी तो पूर्ण आरती संपेपर्यंत बसून होता आणि सासूबाईंनी ‘चल’ म्हटल्यावरच उतरला. दोन्ही मुले त्याच्याशी मराठीत बोलतात. आपसात अजूनही हिंदीतच बोलतात.

कचरागाडीला तो आता लपत नाही, पण भुंकतो. आणि पायमोज्यांच्या बाबतीत ‘सोड’ला तो अजिबात दाद देत नाही.

रामबागचे_नाना
जास्वंदीताई, वाचून आनंद झाला. माझ्या मुलाने मागच्या महिन्यात पॉमेरेनियन आणला आहे. या वेळी मी सुरळी हातात घेतलेली नाही. खाऊने शिकलेले कुत्रे खाऊ नसताना ऐकेल का, ही माझी शंका मात्र अजून आहे.

पशुवैद्य_महू
नाना, ऐकेल, फक्त खाऊ एकदम बंद करू नका. आज्ञा पक्की झाली की आधी दोन वेळांतून एकदा, मग चार वेळांतून एकदा आणि तेही ठराविक क्रमाने न देता खाऊ द्या. शाबासकी मात्र दर वेळी द्यावी. खाऊ हातात धरून दाखवण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. तो खिशात किंवा मागच्या कपाटावर ठेवा आणि काम झाल्यावर काढा. जास्वंदीताई, पायमोज्यांसाठी पनीर पुरणार नाही, उकडलेली कोंबडी वापरून पाहा.

रामबागचे_नाना
समजले. उद्यापासून तसे करून पाहतो. आमच्याकडेही सून ‘बस’च म्हणते. जास्वंदीताई, आपल्या सासूबाईंची हरकत नसेल तर ‘टेक’ हा शब्द आम्ही घेऊ का?

जास्वंदी (इंदूर)
नाना, त्यांना आत्ताच विचारले. त्या म्हणाल्या, ‘अवश्य घ्या, आणि पाट हवा असेल तर आमचा सुतार चांगला आहे.’